मोहफुलांची वेचणी, वाळवण व साठवण : द्राक्षांच्या एका गावाचा दाखला

फाल्गुन सरत आला की चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या जंगलपट्टीत मोहाची पाने झडू लागतात, फांद्यांच्या टोकांशी कळ्यांचे घोस दिसू लागतात आणि रात्र ओसरता ओसरता फिकट पिवळ्या, रसाळ फुलांचा सडा झाडाखाली पडू लागतो. धानाचे पीक केव्हाच घरात येऊन गेलेले असते. तेंदूपत्त्याचा हंगाम अजून पुढे असतो. अशा रिकाम्या दिवसांत घरात रोख पैसा आणि खाण्याचा गोडवा या दोन्ही गोष्टी देणारे झाड म्हणजे मोह होय. त्याला नांगरणी नको, निंदणी नको, खत नको. परंतु जो माल पिकविण्यास खर्च येत नाही तो हाताळण्यासही कष्ट घ्यावे लागत नाहीत, अशी एक समजूत या संपत्तीभोवती रूढ झालेली आहे, आणि वेचणाऱ्या कुटुंबांच्या नुकसानीचे मूळ बऱ्याच अंशी या समजुतीत आहे. झाडावरून गळताना प्रत्येक फूल उत्तम प्रतीचेच असते. त्याची प्रत उतरते ती जमिनीपासून ढोलीपर्यंतच्या प्रवासात.

ही गोष्ट नीट ध्यानात येण्यासाठी दूरच्या एका गावाचा दाखला उपयोगी पडेल. फ्रान्स देशाच्या नैऋत्येस गास्कोनी प्रांतात, जेर्स जिल्ह्यात, आदूर नदीच्या काठी सँ-माँ नावाचे एक लहानसे खेडे आहे. वस्ती काही शेकड्यांची. तेथील शेतकऱ्यांचा मुख्य आधार द्राक्षवेल व तिच्यापासून होणारी वाइन हा आहे. आपल्याकडील मोहगावांप्रमाणेच तेथेही साऱ्या वर्षाची भिस्त एका वनस्पतीच्या गोडव्यावर, आणि तो गोडवा हाती लागण्याचा काळ अवघ्या काही आठवड्यांचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्सेरा नावाच्या, मुळांवर जगणाऱ्या किडीने फ्रान्समधील द्राक्षमळे उद्ध्वस्त केले. सँ-माँच्या परिसरात सारागाशी येथे वाळूच्या जमिनीमुळे या किडीतून वाचलेला एक जुना मळा आजही उभा आहे, आणि २०१२ साली फ्रान्सच्या शासनाने त्या मळ्याची नोंद एखाद्या जुन्या मंदिराची किंवा किल्ल्याची करावी तशी ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत केली. झाडांविषयी एवढा आदर बाळगणारे लोक त्या झाडांच्या फळांची हेळसांड करीत नसतील हे उघड आहे.

त्या भागातील शेतकरी मोठे जमीनदार नव्हेत. एकेकट्याने माल विकला तर भाव पाडून मागितला जातो, हा अनुभव त्यांनाही होता. प्लेझाँस, एन्याँ व सँ-माँ या तीन गावांच्या सहकारी संस्था १९७० च्या दशकाच्या अखेरीस एकत्र आल्या व तिन्ही नावांची आद्याक्षरे जोडून त्यांनी 'प्लेमाँ' हा संघ स्थापन केला. अशा सहकारी तळघरांत द्राक्षे आणली की त्यांचे केवळ वजन होत नाही. रसातील साखर मोजली जाते आणि कुजके घोस आहेत काय हे पाहिले जाते; नंतरच प्रत ठरते. पुढे २०११ साली सँ-माँच्या वाइनला गावाच्या नावाचे कायदेशीर संरक्षण मिळाले, म्हणजे ठराविक क्षेत्राबाहेरच्या मालावर ते नाव लावता येत नाही. फ्रान्समध्ये या पद्धतीचा पाया १९३५ साली घातला गेला. आपल्या देशात भौगोलिक निर्देशनाचा कायदा १९९९ साली संमत झाला असून तो २००३ पासून अमलात आहे.

येथे एक खुलासा करणे अवश्य आहे. सँ-माँचा दाखला दारूसाठी घ्यावयाचा नाही. गोंड व माडिया समाजांत जन्म, लग्न व मृत्यू या प्रसंगी देवापुढे व पूर्वजांपुढे मोहाच्या मद्याचे थेंब वाहण्याची रीत जुनी आहे, हे खरे. तथापि गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी लागू आहे, आणि तिच्यामागे गावोगावच्या स्त्रियांनी दिलेला लढा होता. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून लागू झालेली बंदी २०२१ साली उठविण्यात आली. परंतु विनापरवाना दारू गाळणे तेथेही गुन्हाच आहे. शिवाय भट्टीवर जाणाऱ्या फुलाला प्रत लागत नाही. काळे, मातीने भरलेले, बुरसटलेले फूलही भट्टीत चालते आणि म्हणूनच त्याला हलका भाव मिळतो. खाण्याचे फूल म्हणून जो माल विकला जाईल त्यालाच स्वच्छतेचे मोल मिळू शकते.

असा बाजार आहे काय, अशी शंका कोणी घेईल. त्याचे उत्तर शेजारच्या छत्तीसगडने दिले आहे. २०२१ साली कोरबा जिल्ह्यातील जंगलांतून आदिवासींनी वेचलेली व वाळविलेली मोहफुले समुद्रमार्गे निर्यात झाली, आणि ती गेली फ्रान्सलाच. कोरब्याचा मोह व आपल्याकडील मोह यांत जातीचा भेद नाही. भेद पडला तर तो वेचणीत व वाळवणीत पडतो.

झाडाखालची आग

मोहाची फुले जमिनीवर पडतात त्या वेळी जंगलाच्या जमिनीवर वाळलेल्या पानांचा जाड थर असतो. त्या थरात फुले लपतात, म्हणून पुष्कळ ठिकाणी झाडाखालचा पाचोळा पेटवून देऊन जागा साफ करण्याची वहिवाट आहे. पाचोळा पेटवावयास एक काडी पुरते; ती आग झाडाच्या घेराशी थांबविण्यास मात्र दहा माणसेही पुरत नाहीत. मार्च-एप्रिलच्या वाऱ्यात ती पसरते व वणवा होतो. रोपे जळतात, बांबूचे कोंब जळतात, गवत जळून गुरांचा चारा जातो, आणि मोहाच्या बुंध्याची साल दरवर्षी भाजल्याने झाडही पोकळ होत जाते. या आगीचा आणखी एक तोटा लवकर दिसत नाही. राखेवर पडलेले ओले, चिकट फूल राख व कोळशाचे कण धरून ठेवते. ते कितीही झटकले तरी निघत नाहीत, आणि धुवावे तर साखर पाण्याबरोबर वाहून जाते. म्हणजे ज्या सोयीसाठी आग लावली तीच मालाची प्रत उतरविते.

आगीऐवजी खराटा वापरावा. कळ्या पिवळसर दिसू लागताच, म्हणजे फुले गळण्यास प्रारंभ होण्यापूर्वी आठवडाभर आधी, झाडाच्या घेराखालचा पाचोळा झाडून घेराच्या बाहेर काढावा. तो बांधावर किंवा खताच्या खड्ड्यात टाकला तर पुढील पिकास उपयोगी पडेल. एका कुटुंबाकडे वहिवाटीची पाच-सहा झाडे असली तर हे काम दोन सकाळींत होते. त्यानंतर दर तीन-चार दिवसांनी हलका हात फिरविला की पुरे.

याहून उत्तम उपाय जाळीचा आहे. दाट विणीची नायलॉनची जाळी झाडाच्या घेराखाली बांबूच्या खुंटांवर, जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर, मध्ये किंचित झोळ ठेवून ताणून बांधावी. फुले जाळीत पडतात. माती, राख, शेण व मुंग्या यांचा स्पर्श त्यांना होत नाही. चितळ व गुरे खाली पडलेली फुले आवडीने खातात, तेही बऱ्याच अंशी टळते. जाळी विकत घेणे शक्य नसेल तेथे जुनी लुगडी शिवून केलेला मोठा पट अंथरला तरी जमिनीवरच्या वेचणीपेक्षा माल पुष्कळच चांगला उतरतो. अनेक कुटुंबांनी मिळून जाळ्या घेतल्या तर खर्च विभागला जातो व प्रत्येक हंगामात त्या पुन्हा कामी येतात. रंगीत, रंग सोडणारे कापड मात्र वापरू नये.

झाड हलवून किंवा काठीने झोडपून फुले पाडण्याचा मोह होतो. तो टाळावा. मोहफुलाचा जो रसाळ भाग आपण वेचतो तो फुलाचा दलपुंज असतो, आणि तो गळून पडला तरी त्यातील अंडाशय देठासह झाडावरच राहते. त्यापासूनच पुढे टोळ धरतात. म्हणून आपोआप गळलेली फुले कितीही वेचली तरी टोळांच्या उत्पन्नात घट येत नाही. झोडपल्याने मात्र देठासह घोसच तुटतात आणि एका पिकासाठी दुसरे पीक हातचे जाते.

वेचणाऱ्याचा जीव

फुले पहाटे गळतात म्हणून माणसेही अंधारातच जंगलात शिरतात, आणि हीच वेळ वाघ व अस्वल यांच्या फिरण्याची असते. अस्वलाला मोहफूल फार प्रिय आहे. एकाच झाडाखाली त्याची व माणसाची गाठ पडते. चंद्रपूर जिल्ह्यात, विशेषतः ताडोबाच्या भोवती व ब्रह्मपुरीच्या जंगलात, मोहाच्या हंगामात वेचणाऱ्यांवर वाघांनी हल्ले केल्याच्या घटना वारंवार घडल्या आहेत. वाकून किंवा बसून फुले वेचणारा मनुष्य जनावराला चौपायी भक्ष्यासारखा भासतो, असे वनखात्याचे जाणकार सांगतात.

म्हणून सूर्य उगवून चांगले दिसू लागल्याखेरीज झाडाखाली जाऊ नये. पाच-सहा जणांनी मिळून जावे, आपसांत बोलत राहावे, आणि एकाने वेचण्याचे काम न करता उभे राहून भोवताली लक्ष ठेवावे. त्या एकाच्या वाट्याची फुले इतरांनी द्यावीत, असा नियम गावानेच करावा. तसे न केल्यास कोणीही पहाऱ्यास उभा राहणार नाही, हे अनुभवाने दिसते. लहान मुलांना एकटे पाठवू नये. जाळीचा उपयोग येथेही होतो. फूल जाळीत सुरक्षित असले की ते गुरांनी खाण्यापूर्वी पोचण्याची घाई उरत नाही, आणि जाळीतील फुले उभ्यानेच गोळा करता येतात. वनरक्षकाने वाघाचा वावर कळविला असेल त्या दिवशी त्या बाजूची झाडे सोडून द्यावीत.

वाळवण

मोहफुलात साखर भरपूर असते व पाणीही भरपूर असते. ताज्या फुलात सुमारे तीन-चतुर्थांश भाग पाणीच असते. हवेत सर्वत्र असणारे किण्व, म्हणजे ज्यांमुळे द्राक्षरसाची वाइन होते तेच सूक्ष्म जीव, मोहफुलाच्या पृष्ठभागावरही असतात. सँ-माँच्या तळघरात त्यांना मोजून-मापून काम करू दिले जाते. आपल्या अंगणात ओल्या फुलांचा ढीग टोपलीत तसाच राहिला तर ते न सांगता काम सुरू करतात. संध्याकाळपर्यंत ढीग हाताला उबदार लागतो, दुसऱ्या दिवशी त्याला आंबूस वास येतो, आणि साखर जाऊन फूल काळे पडते. यासाठी वेचलेले फूल त्याच दिवशी, शक्य तर दुपारपूर्वी, पसरले गेलेच पाहिजे. फुले गोण्यांत दाबून आणू नयेत. बांबूच्या उथळ टोपलीत आणावीत.

शेणाने सारवलेल्या अंगणात वाळविण्याची पद्धत सर्वत्र दिसते. खाण्याच्या मालासाठी ती योग्य नव्हे. बांबूचा तट्टा किंवा स्वच्छ चटई विटांवर अगर मांडवावर जमिनीपासून वर ठेवावी, म्हणजे खालूनही हवा खेळते. फुले एकाच पदरात विरळ पसरावीत, दिवसातून दोन-तीनदा उलथावीत, आणि दव पडण्यापूर्वी उचलून छपराखाली न्यावीत. चैत्रात अवकाळी पाऊस येतो. एक सर पडली तर दोन दिवसांची मेहनत वाया जाते, म्हणून झाकण्यास ताडपत्री जवळच असावी. चांगले ऊन असल्यास चार-पाच दिवसांत फुले वाळतात. मूठभर फुले घट्ट दाबून मूठ उघडावी. ती सुटी होऊन पडली तर वाळवण पुरे झाले. गोळा होऊन राहिली तर आणखी एक ऊन द्यावे. नंतर हलक्या हाताने चोळून व पाखडून आतील पुंकेसर काढून टाकावेत. चांगल्या वाळलेल्या फुलाचा रंग तांबूस सोनेरी, मनुकेसारखा असतो.

पुष्कळ लोक फूल अर्धवट ओले विकतात, कारण त्याचे वजन अधिक भरते. या हिशेबाची तपासणी करून पाहावी. १०० किलो ताज्या फुलांत ७५ किलो पाणी धरले तर सुका अंश २५ किलो राहतो. ओलावा १२ टक्के राहीपर्यंत वाळविल्यास माल सुमारे साडेअठ्ठावीस किलो भरतो. २० टक्के ओलावा ठेवल्यास सव्वाएकतीस किलो. म्हणजे ओले विकल्याने पावणेतीन किलोंचा काय तो लाभ. व्यापारी मात्र ओल्या मालावर सूट कापतो ती त्याच्या अंदाजाने, आणि व्यापाऱ्याचा अंदाज विकणाऱ्याच्या बाजूने चुकल्याचे ऐकिवात नाही. शिवाय ओला माल घरात ठेवता येत नाही. तो मिळेल त्या भावाने त्याच आठवड्यात विकावाच लागतो.

साठवण व विक्री

सर्वांत मोठे नुकसान येथेच होते. चैत्र-वैशाखात प्रत्येक घरी फूल असते, म्हणून आठवडी बाजारात भाव पडलेला असतो. मीठ, मिरची, कापड यांसाठी पायली दोन पायली करून फूल जाते. पावसाळा लागला, घरातले फूल संपले, की तेच फूल त्याच बाजारातून चढ्या भावाने परत विकत आणणारी कुटुंबे अनेक आहेत. ज्याने वेचले त्यानेच दुप्पट मोजावे, याहून विपरीत व्यवहार कोणता?

वाळलेले मोहफूल हवेतील ओलावा झपाट्याने शोषते. पावसाळ्यात उघड्या ढोलीत ते चिकट होते, बुरशी धरते व त्यात किडे पडतात. पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा आतून जाड प्लॅस्टिकची पिशवी घातलेल्या गोणीत ते दाबून भरावे, तोंड पक्के बांधावे, आणि गोणी भिंतीपासून दूर लाकडी फळ्यांवर ठेवावी. भरण्यापूर्वी एक कडक ऊन देऊन फूल थंड होऊ द्यावे. गरम फूल भरल्यास आत घाम धरतो. बांबूची ढोलीच वापरावयाची असल्यास ती आतून-बाहेरून लिंपून, पूर्ण वाळवून, वर झाकण लिंपावे. मोठ्या साठ्याच्या तोंडाशी वारंवार हात घालू नये. घरखर्चाचे फूल वेगळ्या डब्यात काढून ठेवावे.

एकट्या कुटुंबाला भाव येईपर्यंत थांबणे कठीण असते. तेल-मिठाची गरज थांबत नाही. म्हणूनच सँ-माँच्या शेतकऱ्यांनी जे केले ते येथे ग्रामसभेने करण्याजोगे आहे, आणि त्यास कायद्याचा आधारही आहे. पंचायत क्षेत्र विस्तार कायदा १९९६ चा व वनाधिकार कायदा २००६ चा. त्यांन्वये गौण वनोपजावरील मालकी गावाकडे आली. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या गावास २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ पासून ते गाव स्वतःच्या वाहतूक परवान्यावर बांबू विकू लागले. चंद्रपूर जिल्ह्याच्या गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावाने तर हक्क मिळाल्यानंतर तेंदूपत्ता तोडणे बंद करण्याचा निर्णय घेतला, कारण त्यासाठी झाडे छाटावी व जंगलात आग लावावी लागते. हातचे उत्पन्न जंगलासाठी सोडून देणारे गाव मोहाखालची आग निश्चितच थांबवू शकेल.

मोहफुलांच्या बाबतीत कायद्याची अडचण दीर्घकाळ वेगळीच होती. फुले बाळगणे व वाहून नेणे यांवर दारूबंदीच्या कायद्यान्वये निर्बंध होते, आणि त्यांचा लाभ चोरटा व्यापार करणाऱ्यांनाच होत असे. हे निर्बंध महाराष्ट्र शासनाने २०२१ साली उठविले. तरीही दारूबंदीच्या जिल्ह्यातून मोठा माल हलविताना ग्रामसभेचा ठराव व वजनाची नोंद सोबत ठेवावी, म्हणजे वाटेत वाद उद्भवत नाही. मोहफुलाचा समावेश केंद्र शासनाच्या गौण वनोपजांच्या आधारभूत किंमत योजनेतही आहे. हंगामाच्या आरंभी चालू वर्षाचा दर आदिवासी विकास महामंडळाच्या कार्यालयातून लिहून आणून गावाच्या चावडीवर लावावा. व्यापाऱ्याशी बोलणी त्यानंतर करावीत.

ग्रामसभेने फूल घेताना तीन प्रती पाडाव्यात: जाळीवरचे, झाडलेल्या जमिनीवरचे, व इतर. काट्यावर घेताना मूठ दाबून ओलावा पाहावा आणि जाळीवरच्या फुलास वाढीव भाव द्यावा. सर्वांना एकच भाव दिला तर पुढच्या वर्षी जाळी कोणी बांधणार नाही. माल ताब्यात घेताच निम्मी रक्कम द्यावी व उरलेली विक्रीनंतर द्यावी, म्हणजे कुटुंबाची तातडीची गरज भागते आणि मालही थांबू शकतो.

घरच्या आहारातही हे फूल अधिक यावयास हवे. वाळलेली फुले भाजून, तीळ किंवा जवस घालून कुटलेले लाडू मुलांना द्यावेत. फुले उकळून, रस गाळून आटविल्यास गुळासारखी दाट राब होते, ती भाकरीशी लागते. विकावयाची तीही याच प्रकारे तयार करून विकल्यास नुसत्या फुलांपेक्षा प्राप्ती अधिक होते. भांडी व हात स्वच्छ असावेत, आणि राब ओलसर भांड्यात भरू नये.

नवी झाडे

मोठे मोह सर्वत्र दिसतात, तरुण मोह क्वचितच दिसतात. टोळ सगळेच तेलासाठी वेचले जातात. जे थोडे रुजतात त्यांना आग व गुरे संपवितात. आज उभी असलेली झाडे आजोबा-पणजोबांच्या काळातली आहेत, आणि त्यांची जागा घेणारे कोणी वाढत नाही. जून-जुलैत टोळ पिकले की प्रत्येक कुटुंबाने चांगल्या फुलणाऱ्या झाडाच्या निवडक बिया काढून लगेच पेराव्यात. मोहाच्या बियांची उगवणशक्ती काही आठवड्यांतच नष्ट होते. तेलाच्या पोत्यातून पुढल्या वर्षी काढलेली बी उगवत नाही. पिशवीत किंवा थेट बांधावर, बोटाच्या दोन पेरांइतक्या खोलीवर पेरणी करावी. मूळ सरळ खोल जाणारे असल्याने पिशवीतले रोप फार दिवस ठेवू नये. त्याभोवती काट्यांचे कुंपण करून निदान तीन वर्षे गुरांपासून राखावे आणि उन्हाळ्यापूर्वी भोवतालचे गवत कापून आगीची वाट तोडावी. बियांच्या झाडास फुलावर येण्यास दहा वर्षांच्या आसपास काळ लागतो. ज्यांना घाई असेल त्यांनी कलमी रोपे मिळत असल्यास ती बांधावर लावावीत. ती लवकर फुलतात व ठेंगणी राहिल्याने त्यांच्याखाली जाळी बांधणेही सोपे जाते.